रक्त किती गेलं, ते कुणी मोजलं होतं का?

"वाचलीस ना, बाळ पण चांगलं गुटगुटीत आहे, मग आता कशाला उकरून काढतीस?" हे मला सगळ्यांनी ऐकवून झालंय. सासरच्यांनी, माहेरच्यांनी, शेजारच्या काकूंनी, आणि ज्या हॉस्पिटलात हे झालं तिथल्या सिस्टरनेसुद्धा. सगळे मायेनेच बोलतात, माहितीये मला. पण मला उकरायचंय. माझ्या डिलिव्हरीनंतर जो रक्तस्राव झाला त्याला आमच्याकडे "नशिबात होतं" म्हणतात, आणि मी कागद मागवून, चारचारदा वाचून, डॉक्टरांना समोरासमोर भेटून आता या मताला आलेय की त्यात नशिबापेक्षा उशिराचा हात मोठा होता. उशीर का झाला हे विचारता येतं, आणि ज्यांच्याकडे उत्तर आहे त्यांनी ते द्यायला पाहिजे.

काय झालं ते आधी सांगते. आम्ही सांगली जिल्ह्यातले. तालुक्याच्या गावातलं खाजगी हॉस्पिटल होतं, नाव लिहीत नाही कारण माझी तक्रार अजून चालू आहे आणि मला कुणाची बदनामी करायची नाहीये, उत्तरं पाहिजेत. दुसरी खेप होती. पहिली डिलिव्हरी सरळ झालेली त्यामुळे घरात कुणाला टेन्शन नव्हतं. नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.६ आलेलं, "जरा कमी आहे, गोळ्या चालू ठेवा" एवढंच बोलणं झालं. कळा मधेच मंदावल्या म्हणून सलाईनमधून औषध लावलं, सगळी रात्र त्यात गेली आणि पहाटे मुलगा झाला, ३ किलो ६०० ग्रॅम. वार पण पाठोपाठ पडली, पूर्ण पडलीये असं डॉक्टर मॅडम सिस्टरला म्हणाल्याचं मला नीट आठवतंय. मॅडमनी टाके घातले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि वरच्या मजल्यावर एक सिझर थांबलेलं होतं तिकडे गेल्या.

पुढचं मला तुकड्यातुकड्याने आठवतं म्हणून आईला विचारून लिहितेय. आई सोबत म्हणून आत होती. ती सांगते, हॉस्पिटलच्या मावशींनी खालचं कापड बदललं, पॅड बदललं, सगळं बादलीत टाकलं आणि बादली घेऊन गेल्या. थोड्या वेळाने आईने सहज चादर वर करून बघितली तर नवीन कापड पण कमरेपर्यंत भिजलेलं. मावशींनी परत बदललं, परत बादली गेली. आईने सिस्टरला हाक मारली, "आवं सिस्टर, लई जातंय बघा अंगावरनं, पोरगी गार पडलीया." सिस्टर म्हणाली, "आजी, बाळंतपणात जातंच, तुम्ही पेशंटला घाबरवू नका." आई गप्प बसली. माझी आई काही भित्री बाई नाही, तिने गावात लोकांच्या बाळंतपणाला रात्रीबेरात्री जाऊन हातभार लावलाय, किती गेलं म्हणजे जास्त हे तिला नजरेने कळतं. पण समोर पांढरा कोट असला की आपली माणसं आपल्या डोळ्यांवरसुद्धा विश्वास ठेवत नाहीत. मला स्वतःला फक्त तहान आठवते. जीव जाईल अशी तहान. आणि जांभया, एकामागून एक, कानात भुंग्यासारखा आवाज, आणि बाळ कुठंय हे विचारायचं होतं पण जीभ जड झालेली.

शेवटी आई अनवाणी बाहेर पळाली, माझ्या नवऱ्याला ओरडून सांगितलं आणि तो वर जाऊन दार वाजवून मॅडमना घेऊन आला. त्यानंतर मात्र धावपळ झाली, पोट दाबलं, खालून गोळ्या ठेवल्या, दुसरी सलाईन लावली, मॅडमचे हात मला दिसत होते, कोपरापर्यंत लाल. मग ठरलं की मिरजेला न्या. अॅम्ब्युलन्समध्ये हॉस्पिटलचं कुणी आलं नाही. आईला सांगितलं होतं की पोट असं दाबून धरा, सोडू नका, आणि माझ्या आईने मिरज येईपर्यंत हात काढला नाही. मिरजेत पोचले तेव्हा पल्स १३८, बीपी ८० खाली ५०. लगेच केलेल्या तपासणीत हिमोग्लोबिन ५.२. तिथे रक्त दाबून थांबवायला गर्भपिशवीत फुगा घातला, लाल रक्ताच्या चार पिशव्या चढवल्या, वर प्लाझ्मा दिला, आणि गर्भपिशवी काढायची वेळ आली नाही. त्या टीमचे उपकार मी कधी विसरणार नाही.

आता थोडं मी जे समजून घेतलं ते सांगते, कारण हे कळल्याशिवाय उशिराचा अर्थ कळत नाही. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीतून मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मिली रक्त वाहत असतं. वार सुटली की त्या जागेच्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. त्या बंद करायचं काम पिशवीचे स्नायूच करतात, ओलं कापड पिळावं तसे ते आकसतात आणि मधल्या रक्तवाहिन्या दाबून टाकतात. पिशवी आकसली नाही, सैल राहिली, तर रक्त थांबायला दुसरं काही नसतं. डिलिव्हरीनंतर जास्त रक्त जाण्याच्या केसेसमध्ये सगळ्यात मोठं कारण हेच, साधारण दहापैकी सात. बाकी मग फाटल्याची जखम, आत राहिलेला वारेचा तुकडा, किंवा रक्त गोठण्याचा बिघाड. पिशवी थकण्याची कारणं पण ठरलेली आहेत, खूप लांबलेल्या कळा, बराच वेळ चाललेलं कळांचं औषध, मोठं बाळ, जुळी. माझ्या बाबतीत यातली बरीचशी हजर होती. आणि ज्या बाईचं हिमोग्लोबिन आधीच कमी, तिला तेवढंच रक्त गेलं तरी जास्त धोका होतो. हे कुणाच्याही पाठ असलेलं पुस्तकातलं ज्ञान आहे, गुपित नाही. मग माझ्या कागदावर "रिस्क" या रकान्यात "नाही" का लिहिलं होतं, हा माझा पहिला प्रश्न.

कागद कसे मिळाले ते पण सांगते, कारण बऱ्याच बायकांना माहीतच नसतं की ते मागता येतात. आधी "फाईल सापडत नाही", मग "फाईल सरांच्या घरी आहे", मग "डिस्चार्ज कार्ड दिलंय की तुम्हाला, अजून काय पाहिजे" असं झालं. मी साध्या कागदावर अर्ज लिहिला. त्यात एवढंच लिहिलं की मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं, आणि अर्जाच्या झेरॉक्सवर पोच सही घेतली. मग फाईल सापडली. त्याच नियमात अॅडमिट पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं जपून ठेवायला पण सांगितलंय, त्यामुळे "जुनं झालं, टाकून दिलं" हे अलीकडच्या केसला चालत नाही.

तो केस पेपर माझ्यासमोर आहे आत्ता. डिलिव्हरी ४:५०. मग ५:१५, ५:३०, ५:४५ अशा तीन नोंदी, तिन्हीत पल्स ८४, बीपी ११०/७०. एकाच पेनाने, एकाच दमात लिहिल्यासारखं अक्षर, ओळी पण सरळ एकाखाली एक. आई जेव्हा म्हणत होती पोरगी गार पडलीये तेव्हाच्या या नोंदी. ६:२० ला मॅडमचं अक्षर सुरू होतं, घाईतलं, तिरकं, खाडाखोड असलेलं, आणि मला ते खरं वाटतं. ६:५५ ला रेफरचं पत्र. मिरजेच्या कागदावर पोचल्याची वेळ ७:३५. आणि पहिल्या हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डवर, खाली, रक्तस्राव: "अंदाजे ४०० मिली".

चारशे. मी त्या आकड्याकडे कितीतरी वेळ बघत बसले. मिरजेच्या डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की हिमोग्लोबिन ५.२ दिसण्यात सलाईनने रक्त पातळ होण्याचाही थोडा भाग असतो, आणि उलट रक्त नुकतंच गेलेलं असताना हिमोग्लोबिन लगेच पडलेलं दिसतही नाही, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावरून किती गेलं हे काढता येत नाही. मान्य. पण ४०० मिली गेलेल्या बाईची पल्स १३८ होऊन बीपी ८० वर येत नाही आणि तिला चार पिशव्या लागत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. मग हा चारशेचा आकडा आला कुठून? मावशी बादल्या घेऊन जात होत्या, त्यात बघितलं कुणी?

मोजायला काय लागतं ते बघा. बाळ झालं की बाईच्या खाली एक प्लास्टिकची शीट पसरायची, तिच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी आणि त्यावर मिलीच्या खुणा. बस. आणि ही शीट अमेरिकेतून यायची वाट बघायला नको, अशी शीट आपल्या शेजारी बेळगावात तयार झालीये, तिथल्या मेडिकल कॉलेजच्या आणि परदेशी संशोधकांच्या एकत्र कामातून. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत नर्सबाईंनी ती वापरून १,६२० बाळंतिणींचं रक्त मोजलं, त्यात निम्म्या बायकांना पिशवी आकसवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या आणि निम्म्यांना नुसत्या दिसायला तशाच गोळ्या, आणि जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय हे. त्याच मंडळींनी हेही दाखवलं की नुसत्या नजरेने अंदाज केला की तो शीटवर मोजलेल्यापेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी येतो. म्हणजे खेड्यातल्या घरी आणि उपकेंद्रात नर्सबाई मोजू शकल्या, आणि आमच्या एसी लेबर रूममध्ये "अंदाजे". शीट नसेल तर वजनकाटा तरी असतोच ना, बाळाचं वजन करायला असतोच. भिजलेल्या कापडाच्या वजनातून कोरड्याचं वजा करायचं, जेवढे ग्रॅम साधारण तेवढे मिली.

यावर मला एकाने सांगितलं की मोजून काय होणार, जाणारं रक्त जाणारच. नाही हो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या ८० हॉस्पिटलांत, दोन लाखांहून जास्त बायकांवर अभ्यास झाला, २०२३ मध्ये त्याचे निकाल आले. निम्म्या हॉस्पिटलांत ती खुणांची शीट वापरली आणि रक्त जास्त जातंय असं दिसल्यावर एकेक उपाय करून वाट न बघता सगळं एकदम सुरू केलं: पिशवीला मसाज, पिशवी आकसण्याचं औषध, ट्रॅनेक्सामिक अॅसिड (रक्ताची गुठळी विरघळू न देणारं औषध), सलाईन, आणि लगेच आतून तपासणी करून गरज पडली तर मोठ्या डॉक्टरांना हाक. जी हॉस्पिटलं नेहमीच्या पद्धतीने चालली तिथे जास्त रक्त गेलेल्या बायकांपैकी जवळपास निम्म्या तर लक्षातच आल्या नाहीत. जिथे मोजलं तिथे दहातल्या नऊ पकडल्या. आणि एक लिटरच्या वर रक्त जाणं, पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. हे वाचलं तेव्हा मी खरंच रडले. त्यात नवीन मशीन नाही, महागडं औषध नाही. मोजायचं आणि मोजल्यावर थांबायचं नाही, एवढंच.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवीन मार्गदर्शक सूचना काढल्या. आधी ५०० मिलीला "जास्त" म्हणायचे. आता म्हणतात ३०० मिली गेलं आणि सोबत पल्स किंवा बीपी बिघडलं तरी उपचार सुरू करा, ५०० ची वाट बघू नका. पल्सचं महत्त्व मला मिरजेच्या एका निवासी डॉक्टर मुलीने समजावलं. गरोदरपणात शरीरात रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं, त्यामुळे तरुण बाई बरंच रक्त जाईपर्यंत बीपी धरून ठेवते आणि मग एकदम कोसळते. पण पल्स आधीच पळायला लागते. पल्सला वरच्या बीपीने भागायचं, उत्तर ०.९ च्या पुढे गेलं की सावध व्हायचं. माझं मिरजेत पोचताना १.७ च्या वर होतं. म्हणून तर ते तीन ८४ मला झोपू देत नाहीत. खरंच कुणी माझं मनगट धरून मोजलं असतं तर वर सिझर चालू असतानाच मॅडमना निरोप गेला असता.

आणि ते ट्रॅनेक्सामिक अॅसिड. हे इंजेक्शन आपल्याकडे मेडिकलमध्ये सहज मिळतं, तालुक्याला पण मिळतं. २०१७ मध्ये २१ देशांतल्या वीस हजार बायकांवरच्या अभ्यासात दिसलं की डिलिव्हरीनंतर तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. नंतरच्या हिशोबात हेही आलं की दर १५ मिनिटांच्या उशिराला त्याचा फायदा साधारण दहा टक्क्यांनी घटतो आणि तीन तासांनंतर काही उपयोग राहत नाही. माझ्या पहिल्या हॉस्पिटलच्या कागदावर त्याची नोंद नाही. मिरजेच्या कागदावर आहे, ७:४५. मुलगा झाला ४:५० ला. बोटांवर मोजून बघा, तीन तास भरायला पाच मिनिटं कमी.

मॅडमना भेटायला मी आणि आई दोघीच गेलो. घरात तेव्हा वेगळंच चाललं होतं. दिराचे मित्र म्हणत होते पोरं घेऊन जाऊ, काचा फोडल्याशिवाय यांना कळत नाही. मी हात जोडून थांबवलं सगळ्यांना. राजस्थानात लालसोटला मार्च २०२२ मध्ये काय झालं ते मला माहिती होतं. तिथे डिलिव्हरीनंतर अशाच रक्तस्रावाने एक बाई गेली, लोकांनी हॉस्पिटलसमोर आंदोलन केलं, पोलिसांनी त्या डॉक्टरवर चक्क खुनाचा गुन्हा दाखल केला आणि दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टर बाईंनी आत्महत्या केली. आधी एका घरातली आई गेली, मग दुसऱ्या घरातली. आणि सुप्रीम कोर्टाने २००५ मध्येच सांगितलेलं होतं की डॉक्टरवर फौजदारी कारवाई करायच्या आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत घ्या. रक्तस्राव सगळं नीट केलं तरी होऊ शकतो, आणि सगळं नीट केलं तरी कधीकधी बाई वाचत नाही, हे मला मान्य आहे. मारहाणीच्या भीतीने तालुक्याचे डॉक्टर अवघड केस घ्यायचं बंद करतात आणि मग बाई रस्त्यात जाते. म्हणून प्रश्न विचारायचे ते कागद घेऊन, खुर्चीवर बसून.

मॅडम आधी सावध होत्या, वकील घेऊन आलेत का असं बघितलं बाहेर. मग मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही आल्यावर तुम्ही जे केलंत त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. तुम्ही येईपर्यंत काय झालं ते सांगा." त्या बराच वेळ फाईल चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या रात्री ड्युटीला एकच सिस्टर होती गं, ती पण दोन महिन्यांपूर्वी लागलेली. मी वर, अॅनेस्थेशियाचे डॉक्टर वर, भूल दिलेली, मला मधेच सोडून येता येत नव्हतं." मोजायची शीट त्यांच्याकडे नव्हतीच. ट्रॅनेक्सामिक कपाटात होतं, पण त्या घाईत ते सांगायचं राहिलं असं त्यांनी स्वतःहून सांगितलं, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटला. त्या तीन ८४ वर बोट ठेवलं तेव्हा म्हणाल्या, "ते नंतर भरलं असणार." आई तोपर्यंत काही बोलली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "मी हाक मारली व्हती डाक्टर, दोनदा." मॅडमनी आईचा हात धरला. माफी मागितली नाही, पण हात धरला आणि डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

मला त्या बाईंचा राग नाही राहिला. पण ज्या रचनेत एक सर्जन एकाच वेळी दोन मजल्यांवर लागते, एक नवखी मुलगी लेबर रूम सांभाळते, तिला कुणी शिकवलेलं नसतं आणि तिला वर जाऊन दार वाजवायची भीती वाटते, त्या रचनेचा राग आहे, आणि तो जायला नको असं मला वाटतं. ती सिस्टर वाईट नव्हती. तिला वाटलं असेल मॅडम ओरडतील. नातेवाईक ओरडले तर मात्र मॅडम खाली येतात, हे कसलं तंत्र!

आपल्या महाराष्ट्राचे आकडे तसे चांगले आहेत. २०१८-२० च्या सरकारी आकडेवारीत लाख जिवंत जन्मलेल्या बाळांमागे देशात ९७ आयांचे मृत्यू, महाराष्ट्रात ३३. केरळात १९. पण मी या ३३ मध्ये नाही. मी वाचले म्हणून मी कुठल्याच आकड्यात नाही. ज्या बायका मरता मरता वाचतात त्यांच्या केसचा आढावा घ्यावा म्हणून केंद्र सरकारने २०१४ मध्ये सूचना काढल्या होत्या, पण भर सगळा मोठ्या हॉस्पिटलांवर, मेडिकल कॉलेजांवर. तालुक्याच्या खाजगी हॉस्पिटलात पहाटे पाच वाजता काय झालं ते कोण बघणार? केरळात स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून सुरू केलंय, बाळंतपणात बाई गेली की कागद मागवायचे, ना डॉक्टरचं नाव ना हॉस्पिटलचं, आणि सगळ्यांनी बसून बघायचं की कुठल्या टप्प्यावर काय वेगळं करता आलं असतं. शिक्षा करायला नाही, शिकायला. त्यातून त्यांना कळलं की त्यांच्याकडे सगळ्यात जास्त बायका रक्तस्रावानेच जातात, आणि त्याप्रमाणे त्यांनी नियम बसवले. हे आपल्याकडे वाचलेल्या बायकांसाठी पण झालं पाहिजे, खाजगीत पण झालं पाहिजे.

घरी आल्यावरचं कुणीच सांगत नाही. मला दूध येईना. सगळे म्हणाले डिंकाचे लाडू खा, शतावरी घे, मन लावत नाहीस. कुणी हे सांगितलं नाही की एवढं रक्त गेलं की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला इजा होऊ शकते आणि त्याचं पहिलं लक्षण दूध न येणं हेच असतं. शिहान सिंड्रोम म्हणतात त्याला. माझ्या हार्मोनच्या तपासण्या पुढे नॉर्मल आल्या, दूधही उशिराने थोडं थोडं आलं, पण तो महिना मी स्वतःला कमी समजत काढला त्याचं काय? जास्त रक्त गेलेल्या बाळंतिणीला दूध आलं नाही, पाळी बरेच महिने आली नाही, सारखी थंडी वाजते, उठवत नाही असं असेल तर कृपा करून लाडवांवर थांबू नका, डॉक्टरांना "एवढं रक्त गेलं होतं" हे सांगून तपासण्या करायला लावा. आणि मिरजेचं कार्ड दाखवा प्रत्येक ठिकाणी, म्हणजे तुमचं जे असेल ते, कारण पुढच्या खेपेला परत असं होण्याची शक्यता जास्त असते, ते पहिल्याच भेटीत सांगावं लागतं.

ज्यांना दिवस गेलेत त्यांनी सातव्या-आठव्या महिन्यात डॉक्टरांना हे विचाराच, मी आता माझ्या जावेसाठी जाऊन विचारून आले. रक्त मोजायची शीट वापरता का? ट्रॅनेक्सामिक लेबर रूममध्ये असतं का? ऑक्सिटोसिन (पिशवी आकसण्याचं इंजेक्शन) फ्रीजमध्ये ठेवता का, कारण ते उन्हाळ्यात बाहेर राहिलं तर कमजोर पडतं. रक्त जवळ कुठल्या पेढीत मिळतं आणि यायला किती वेळ लागतो? रात्री तुम्ही दुसऱ्या ऑपरेशनमध्ये असाल तर खाली कोण बघतं? पाठवायची वेळ आली तर सोबत सिस्टर येते का? एका ठिकाणी डॉक्टर चिडले, "इंटरव्ह्यू घेताय का माझा" म्हणाले. दुसऱ्या ठिकाणच्या मॅडम उठल्या, कपाट उघडून शीटचा गठ्ठा दाखवला, फ्रीजचं तापमान लिहायची वही दाखवली. जावेचं नाव आम्ही तिथेच नोंदवलं. आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर नुसत्या गोळ्यांवर नवव्या महिन्यापर्यंत ताणू नका, शिरेतून द्यायची लोहाची इंजेक्शनं असतात, त्याबद्दल विचारा. आपल्या देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांचं रक्त कमी आहे, त्यामुळे "सगळ्यांचंच कमी असतं" असं म्हणून सोडून देतात, तेच नडतं.

माझ्या तक्रारीचं म्हणाल तर महाराष्ट्रात २०२१ पासून नर्सिंग होमच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आणि तक्रार निवारण कक्षाची तरतूद आहे, त्या कक्षाकडे मी लेखी दिलंय. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, तो रस्ता मी सध्या बंद केलेला नाही पण पैशासाठी मला जायचं नाहीये. मी दोनच गोष्टी मागितल्यात. त्या तीन नोंदी कधी आणि कुणी लिहिल्या याचं लेखी उत्तर, आणि यापुढे त्या लेबर रूममध्ये प्रत्येक बाळंतिणीचं रक्त मोजलं जाईल याची लेखी हमी. मॅडमनी फोनवर सांगितलं की शीट मागवल्यात आणि सिस्टर लोकांचं एक ट्रेनिंग झालंय. नोंदींबद्दल अजून काही आलेलं नाही. पुढच्या महिन्यात सुनावणीला बोलावलंय, आईलाही घेऊन जाणार आहे, तिने काय बघितलं ते तिच्या तोंडून लिहून घ्या असं मी अर्जात मुद्दाम टाकलंय.